पितृपक्षातली स्वस्त तिकिटं

अमेरिकेला जायची तिकिटं मी पितृपक्षातली काढली, कारण पितृपक्षात विमानं रिकामी जात असतील असं मला वाटलं.

हे वाक्य मी आजवर बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय. कधी हसत, कधी गंभीर चेहरा करून, कधी 'एका ओळखीच्या गृहस्थांनी' अशी सुरुवात करून. कसंही सांगितलं तरी ऐकणारा आधी, मी नोकरी कुठे करत होतो, ते विचारतो. मी आयुष्यभर विमा कचेरीत होतो. धोका म्हणजे काय, तो आधी कसा ओळखावा आणि त्याची तजवीज कशी करावी, हे लोकांना समजावून सांगायचा मला पगार मिळायचा.

माझा हिशेब मात्र सरळ होता. पितृपक्षात दादरला साड्यांच्या दुकानात जाऊन पाहा. गाद्यांवर बसलेले सेल्समन एकमेकांना घड्या उलगडून दाखवत असतात. गिरगावात सराफाच्या पेढीवरचा माणूस तीच काच पुन्हा पुसत असतो. लग्नाचे हॉल ओस. कोणी फ्रीज घेत नाही, कोणी जागेचं टोकन देत नाही, स्थळं सांगणारेसुद्धा फोन उचलत नाहीत. मग अशा दिवसांत विमानात कोण बसणार? कोणी बसणार नसेल तर भाव उतरणारच. भाद्रपदाचा वद्य पक्ष कधी लागतो हे विमान कंपनीच्या परदेशी मालकाला कोणी सांगितलेलं नसेल, ही एक बारीकशी शंका माझ्या डोक्यात यायला हवी होती. ती आली नाही.

आता पुन्हा श्रावण लागलाय. लालबागला कार्यशाळांवर ताडपत्र्या चढल्यात. आत कुठे नुसत्या सोंडा वाळत ठेवल्यात, कुठे आशीर्वादाचे हात भिंतीला टेकवून उभे केलेत, आणि रंगाच्या फवाऱ्याचा तो घशाला बसणारा वास परळच्या आमच्या टॉवरपर्यंत येतो. हा वास आला की माझ्या उजव्या हाताचं बोट वळवळायला लागतं. फोनचा पडदा खाली ओढायचा आणि सोडायचा. ते गोल गोल फिरतं आणि भाव बदलतो. पुन्हा ओढायचा. गावच्या विहिरीत पोहरा सोडावा तसं. पोहऱ्यात निदान पाणी तरी यायचं.

मला कुठे जायचंय? कुठेच नाही. तरी टोरांटोचा आजचा भाव मला माहीत आहे. नैरोबीचाही. नैरोबीला माझं कोणी नाही.

त्या वर्षी मात्र जायचं होतं. मुग्धा, आमची एकुलती एक, पिट्सबर्गला. तिला दिवस गेले होते आणि तारीख दसऱ्याच्या सुमाराची होती. त्याच्या आदल्या वर्षीही तिला दिवस गेले होते. ते राहिलं नाही. तेव्हा कोरोनामुळे सगळं जगच कड्या लावून बसलेलं, त्यामुळे शुभा, माझी बायको, ते सगळं फोनवर ऐकत बसली होती. ती नुसतं 'हं' म्हणत होती. पलीकडून मुग्धा रडत होती आणि शुभा इथे स्वयंपाकघरात स्टुलावर बसून हं, हं करत होती. मी बाहेरच्या खोलीत पंखा पुसायला घेतला होता. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

तर या वेळी मुग्धानं एवढंच म्हटलं, 'आई, या वेळी तू इथे हवीस.' मागणं करणारी मुलगी नव्हे ती. शाळेच्या सहलीचे पैसेसुद्धा आम्हालाच तिला विचारून द्यावे लागायचे. म्हणून ते एक वाक्य घरभर पसरून राहिलं. शुभानं जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी शिवायला घेतली. डिंक, खारीक, हळीव, बाळंतशोपा यांच्या पुड्या बांधल्या. आणि तिकिटांचं माझ्याकडे दिलं. घरातल्या कामांची वाटणी अशी बिनचर्चेची होते आणि मग आयुष्यभर भोवते.

व्हिसा आमच्याकडे होता, तिच्या पदवीदानाच्या वेळी काढलेला, दहा वर्षांचा. पण भारतातून थेट येणाऱ्यांना अमेरिकेनं दार लावलं होतं. फट एकच होती. मध्ये कुठल्या तरी तिसऱ्या देशात दोन आठवडे काढायचे आणि मग तिथून पुढे जायचं. तिसरा देश म्हणजे कुठला, हे दर आठवड्याला बदलत होतं. आज जो देश 'या' म्हणायचा तो पुढच्या सोमवारी 'कोण तुम्ही?' विचारायचा. परळच्या नाक्यावर माणसं भाजी घेता घेता आर्मेनियाच्या नियमांबद्दल बोलत होती. ज्यांनी कधी वसईच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं, ते मेक्सिकोला उतरल्यावर टॅक्सी कुठून घ्यायची ते सांगत होते.

त्यांच्यातला सगळ्यांत मोठा जाणकार माझा मित्र दिन्या. आम्ही लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. तो आता दादरला राहतो. दिन्याला विमानप्रवासाचा अनुभव गोव्यापर्यंतचा. पण त्याचा आवाज असा की ऐकताना वाटावं, हा आत्ताच वैमानिकाशी बोलून आला.

'मंगळवारी दुपारी बघ,' त्यानं सांगितलं. 'सोमवारी सगळे साहेब लोक बुकिंग करतात. मंगळवारी दुपारी भाव पडतोच रे नंद्या.'

मी मंगळवारी दुपारी बघायला लागलो. मग बुधवारी, मंगळवारपेक्षा किती चढला ते बघायला. गुरुवारी, बुधवारपेक्षा किती उतरला ते. श्रावणातच चांगली तिकिटं समोर आली होती. सर्बियात बेलग्रेडला दोन आठवडे राहायचं, तिथून थेट न्यू यॉर्क. दोघांची, एकाच बुकिंगमध्ये, नियम बदलला तर पैसे परत. शुभा म्हणाली, घ्या. मी म्हटलं, गणपती आहेत. घरचा गणपती सोडून कसं जायचं?

ती म्हणाली, 'आपला दीड दिवसाचा. गणपती दुसऱ्या दिवशी घरी जातात. तुम्ही का बसून राहणार?'

तेव्हा मी तिला पितृपक्षाचा सिद्धान्त सांगितला. तिनं नारळ खवता खवता माझ्याकडे एकदा पाहिलं. विळीवर बसलेल्या बाईनं असं पाहिलं की शहाण्या माणसानं विषय बदलावा. मी आणखी उदाहरणं दिली.

आणि दुर्दैव असं की भाव खरंच उतरला. एका दुपारी पडदा खाली ओढला, गोल फिरलं, आणि पितृपक्षाच्या पहिल्याच आठवड्यातला आकडा बघून मी उभा राहिलो. त्यातही मी एक अक्कल चालवली. अख्खा प्रवास एकत्र घेतला तर महाग पडत होता, म्हणून दोन तुकड्यांत घेतला. मुंबई ते बेलग्रेड एका कंपनीचं, मध्ये आखातात विमान बदलून. बेलग्रेड ते न्यू यॉर्क दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही बिनपरतीची. विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसानं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गिरगावात पोहोचली. तिथे कुंदाताई राहतात, शुभाची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झाल्यात, पण आवाज अजून वर्गातलाच. पहिलटकरणीकडे जायचं आणि पितृपक्षात घराबाहेर पाऊल टाकायचं, हे त्यांना अजिबात पटलं नाही. त्या फोनवर बराच वेळ बोलल्या. शुभानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, 'ताई, पितर आमच्याच घरचे आहेत. त्यांच्या नातीकडे चाललेय मी. वाटेत आडवे कशाला येतील?'

मला वाटलं, तिनं माझी बाजू घेतली. ती पितरांची घेत होती.

त्या दिवसांचं मला काय आठवतं? अस्वस्थपणा आठवतो, पण तो मनात नव्हता, तो शरीरात होता. तळपायांत. मी घरातल्या घरात चालायचो. बाल्कनीपासून दारापर्यंत, दारापासून बाल्कनीपर्यंत. खाली बंद गिरणीची चिमणी दिसायची, तिच्या टोकाला पिंपळाचं रोप फुटलेलं. तिकडे बघायचो, फोनकडे बघायचो. तिकीट काढलं तरी ते थांबलं नाही. उलट वाढलं. तिकीट काढल्यानंतर भाव बघू नये, हे भरल्या पोटी मेनू कार्ड वाचू नये इतकं साधं आहे. मी बघायचो. आपण घेतलं त्यापेक्षा वर गेलं की छाती फुगायची आणि खाली आलं की जेवण जायचं नाही. शुभा दुपट्यांना कड शिवत बसलेली असायची. मशीनचा आवाज लयीत चालायचा, मी दारातून डोकावून भाव सांगायचो, मशीन थांबायचं. मग पुन्हा सुरू व्हायचं.

गणपती आले. त्या वर्षी सगळ्या मूर्ती लहान, सगळं आवरतं. लालबागला ज्या गल्लीत एरवी पाऊल ठेवायला जागा नसते, तिथे मी हात पसरून चाललो. आरतीला मुग्धाला फोनवर घेतलं. तिच्याकडे सकाळ होती. ती पोटावर हात ठेवून बसली होती आणि आमच्या टाळ्यांच्या मागे पडत होती, कारण आवाज उशिरा पोहोचत होता. आमचं संपलं तरी तिचं चालूच. आम्ही तिघं-चौघं तिच्या एकटीच्या टाळ्या संपेपर्यंत थांबलो.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या आवारातल्या हौदात विसर्जन केलं. पाट धुऊन उपडा ठेवला आणि फोन हातात घेतला, तर निरोप आलेला. आखातातल्या ज्या देशात विमान बदलायचं होतं, त्यांनी भारतातून आलेल्यांना विमान बदलण्यापुरतंही उतरू देणार नाही असं ठरवलं होतं. मुंबई ते बेलग्रेड रद्द. बेलग्रेड ते न्यू यॉर्क ठणठणीत. म्हणजे बेलग्रेडहून पुढे जायची आमची सगळी तयारी होती, फक्त बेलग्रेडला आम्ही नव्हतो.

शुभाला मी निरोप वाचून दाखवला. ती ओट्यापाशी उभी राहून वाटली डाळ डब्यात भरत होती. डबा भरून झाला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. 'आता मुलगी तिथे एकटीच का?' तिनं डब्याला विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर पडलो. घरी बसून जे फोनवर होत होतं, त्यासाठी मी अख्खं शहर पालथं घातलं. दिन्याकडे दादरला. प्रभादेवीला एकाच्या मेहुण्याकडे, जो म्हणे इजिप्तमार्गे गेला होता. प्रत्यक्षात त्याचं सामान गेलं होतं. ठाकूरद्वारजवळ एका ट्रॅव्हल एजंटाकडे. त्याच्या दारावर उन्हानं पांढरा पडलेला युरोपचा फोटो होता आणि आत तो फराळाच्या ऑर्डरी घेत होता. त्यानं मला प्रेमानं चकली खायला घातली आणि सांगितलं, साहेब, आता कोणाला विचारू नका, जे मिळतंय ते घ्या. मी त्याचे आभार मानून चौथ्या माणसाला विचारायला गेलो.

घरी आलो तर शुभा बॅग घेऊन दारात उभी. नाकावर दोन मास्क.

'मी ताईकडे जाते,' ती म्हणाली. 'तुम्ही फिरा. आपल्यातल्या एकाला तरी विमानात बसता आलं पाहिजे.'

आणि गेली. बाळंतविड्याची मोठी बॅग तेवढी बेडरूममध्ये राहिली.

मग मी गिरगावात तिला भेटायला जायचो. कुंदाताईंच्या चाळीत मला दाराच्या आत प्रवेश नव्हता. मी गॅलरीच्या एका टोकाला, जिन्यापाशी, त्या दोघी दुसऱ्या टोकाला. मधल्या खोल्यांतली मंडळी दारात बसून इकडून तिकडे माना फिरवत ऐकायची. मुग्धानं एक महागडं पण थेट जोडलेलं तिकीट शोधलं होतं, इस्तंबूलमार्गे बेलग्रेड आणि तिथून पुढे न्यू यॉर्क, लगेच निघायचं. काढू का, म्हणून रोज विचारत होती. मी गॅलरीभर ऐकू जाईल असं सांगायचो, थांबा, एवढी घाई नको, दोन दिवसांत उतरेल. मधल्या खोलीतले एक आजोबा मान डोलवायचे. त्यांना माझं पटायचं. बाकी कोणाला नाही.

दोन दिवसांत. हा शब्द मी कुठून घेतला हे मला फार उशिरा कळलं. कॉलेजात असताना, गिरणीसंपाच्या दिवसांत, आमच्या चाळीत प्रत्येकाच्या ओठावर तो होता. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. रोज सकाळी डबा न घेता बाहेर पडायचे, नाक्यावर उभे राहायचे, संध्याकाळी येऊन आईला सांगायचे, मिटेल गो दोन दिवसांत. गावाहून काकांनी निरोप पाठवला होता, रत्नागिरीला एका वखारीत जागा आहे, ताबडतोब ये. वडील म्हणाले, दोन दिवस बघतो. ती जागा दुसऱ्याला गेली. ते पुढे कधी त्याबद्दल बोलले नाहीत. पण थांबण्यात एक इभ्रत असते, जो घाई करतो तो हरतो, असं काहीतरी आम्ही लालबागच्या त्या गॅलरीतून उचललं असणार. दिन्यानंही उचललं. फरक इतकाच की वडिलांच्या हातात थांबण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. माझ्या हातात फोन होता आणि पलीकडे मुलगी 'काढू का?' विचारत होती.

खरं सांगायचं तर पैशांचा प्रश्नच नव्हता. पैसे होते. मला वाटतं, तिकीट काढेपर्यंत मी विमानतळावर परत पाठवला जात नाही, परक्या गावात आजारी पडत नाही, उशिरा पोहोचत नाही. सगळं अजून व्हायचं असतं. आदल्या वर्षी मी पंखा पुसत बसलो होतो, त्या वर्षी भाव बघत बसलो.

शुभा गिरगावात, गणपती आपल्या गावी, श्रावण कधीच संपलेला. एका दुपारी मला सुक्या बांगड्याची आठवण झाली. घरात कोणी नाही, तवा तापवला, दोन बांगडे टाकले आणि एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात फोन धरून कैरोमार्गे काही जमतंय का ते बघत उभा राहिलो. जमता जमता राहत होतं. बेल वाजली. दारात समोरच्या पाटकरबाई. मूळच्या मालवणकडच्या, सुक्या मासळीला नाक मुरडणाऱ्यातल्या नव्हेत. पण पदर नाकाला लावलेला.

'काय ओ, बांगडो जळता मां,' त्या म्हणाल्या. 'अख्खो मजलो भरलो वासान.'

'कसला वास?' मी विचारलं.

त्यांनी माझ्या हातातल्या उलथन्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, जिथे धूर स्वयंपाकघरातून सरळ बाहेर येत होता. मग दोन पावलं मागे झाल्या, स्वतःच्या दारात गेल्या आणि दार बंद करून आतून ओरडल्या, 'आधी टेस्ट करा.'

मी हिंगाची डबी उघडून नाकाला लावली. काही नाही. बाम लावून पाहिला, काही नाही. फिनेलची बाटली. आदल्या दिवशी दादरला फुलबाजारातून जाताना झेंडूचा वास आला नव्हता, तेव्हा मी मास्कला दोष दिला होता आणि खात्री करायला मास्क खाली ओढून चांगला दीर्घ श्वास घेतला होता. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. दोन्ही डोस झालेले होते, त्यामुळे अंगात कसर आणि घशात काटे, यापलीकडे फार झालं नाही. जे व्हायचं ते फोनवर झालं.

तिघांचा व्हिडिओ कॉल होता. एका चौकोनात मुग्धा, एका चौकोनात शुभा आणि तिच्या खांद्यामागे कुंदाताईंचं अर्धं कपाळ, तिसऱ्यात मी, गळ्याला मफलर. मी रिपोर्ट सांगितला. मुग्धाचा चेहरा उतरला. मी लगेच म्हटलं, काळजी नको, मी बरा झालो की आपण लगेच, तोपर्यंत भावही जरा...

शुभा माझ्याकडे बघतच नव्हती. 'मुग्धा,' ती म्हणाली, 'एक तिकीट काढ. फक्त माझं.'

'आई, एकटी येशील?'

'काढ.'

शुभा एकटी कुठवर गेली होती म्हणाल, तर चिपळूणपर्यंत, तेही मी गाडीत बसवून आणि भाऊ उतरवून घ्यायला. बँकेत सही करताना ती माझ्याकडे बघून मग सही करायची. मी बरंच काही बोललो. पासपोर्ट कुठे ठेवायचा, इमिग्रेशनवाल्याला काय सांगायचं, दोन आठवडे परक्या गावात काय खाणार. माझं बोलणं संपलं तेव्हा मुग्धानं तिकीट काढलेलं होतं. त्यांनी मध्येच मला म्यूट केलं होतं, हे मला कुंदाताईंच्या कपाळावरून समजलं. ते हसत होतं.

निघायच्या दिवशी ती टॅक्सी घेऊन खाली आली, मोठी बॅग घ्यायला. तिची टेस्ट निगेटिव्ह होती. तिला वर यायचं नव्हतं आणि मला खाली जायचं नव्हतं. मी बॅग लिफ्टमध्ये ठेवली, तळमजल्याचं बटण दाबलं आणि हात बाहेर काढून घेतला. जाळीतून बॅग एकटीच खाली जाताना दिसत राहिली. दुपटी, डिंक, हळीव आणि आमच्या घराचं सगळं शहाणपण त्या बॅगेत होतं. मग मी बाल्कनीत धावलो. शुभानं डिकी बंद करून वर पाहिलं, हात केला. तो सातव्या मजल्याला केला. आम्ही नवव्यावर राहतो. मी हाक मारणार होतो, पण घसा बसलेला. सातव्या मजल्यावरच्या कोणीतरी तिला उलटा हात केला असणार, कारण ती समाधानानं टॅक्सीत बसली.

बेलग्रेडहून ती रोज फोन करायची. मी घरात कोंडलेला, ती गावभर फिरणारी. तिथे दोन नद्यांचा संगम आहे, मोठा, पण एक माणूस आंघोळीला नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी कळवलं. ज्या घरात उतरली होती तिथल्या मालकिणीला तिनं तांदळाची खिचडी शिकवली. मालकिणीनं तिला भरलेल्या मिरच्या शिकवल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे त्यांचं उत्तम जमलं. आजही त्या बाईचा नव्या वर्षाला फोन येतो. दोघी आपापल्या भाषेत बोलतात आणि एकाच वेळी हसतात. मी विचारतो, काय म्हणाली? शुभा म्हणते, बरी आहे.

वडिलांची तिथी त्यातच आली. मी इथे खिडकीच्या कट्ट्यावर भात, वडा, खीर मांडून ठेवली. वडा पाटकरबाईंनी दाराशी आणून ठेवलेला. नवव्या मजल्यावर कावळा येईना. मी आत गेलो, बाहेर आलो, पडद्याआड लपलो, काव काव केलं. तेवढ्यात शुभाचा फोन. तिनंही तिकडे गॅलरीत पान ठेवलं होतं, आणि तिथला कावळा, अंगानं राखाडी, डोक्यानं काळा, ठेवल्याबरोबर खीर घेऊन गेला होता. 'मामंजी आले होते,' ती म्हणाली. मला बापाचा थोडा राग आला. इथे मुलगा आजारी, आणि हे सुनेच्या मागे परदेशी.

ती पिट्सबर्गला पोहोचली. इमिग्रेशनवाल्यानं काय विचारलं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, कशाला आलात विचारलं, मी बॅगेतलं दुपटं काढून दाखवलं. त्याहून जास्त मला आजतागायत कळलेलं नाही.

मूल दसऱ्याची वाट बघत बसलं नाही. आमच्या घराण्यातलं थांबणं त्याच्यात उतरलेलं नसावं. घटस्थापनेलाच मुग्धाला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात सोबतीला एकालाच आत सोडत होते. मुग्धानं आईचा हात धरला. जावई बिचारा बाहेर गाडीत बसून राहिला आणि मला मेसेज करत राहिला. तो पार्किंगमध्ये, मी परळला. जगातले दोन सगळ्यांत निरुपयोगी पुरुष एकमेकांना 'काही कळलं?' विचारत होतो. मी मनातल्या मनात माझ्या पहिल्या तिकिटांचा हिशेब लावत होतो. सगळं सुरळीत झालं असतं, काहीही रद्द झालं नसतं, तरी त्या वेळी आम्ही बेलग्रेडच्या विमानतळावर बूट काढून रांगेत उभे असतो.

आता हे आठवलं की वाटतं, केवढा तो जिवाचा आटापिटा. आणि तरी बोट वळवळतं ते वळवळतंच. काल शुभा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, चष्मा नाकावर. नात आता शाळेत जाते, तिच्या सुट्टीला ही जाणार आहे. मी म्हटलं, श्रावणात कशाला बघतेस, जरा थांब. ती फोन खाली ठेवत म्हणाली, काढलं. चहा टाकता का?

दवाखान्यातून त्या दिवशीचा तो फोन मात्र आला तेव्हा इथे सकाळ होती. नाक थोडं परतलेलं, चहातलं आलं पुसटसं कळत होतं. पडद्यावर आधी छत दिसलं, मग शुभाचा खांदा, मग आमच्याच घरातल्या निळ्या सुती साडीच्या दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी लालबुंद, मुठी वळलेलं. मुलगी. मुग्धा उशीवर टेकलेली, घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि शुभा एका हातानं ते केस मागे सारत होती. एवढ्याचसाठी ती तिथे हवी होती. मी ते बघत राहिलो. मला बोलायचं होतं ते मोठं होतं, पण तोंडात आलं ते भलतंच. मी म्हटलं, मला जर तो आजार झाला नसता ना, तर मीही आत्ता तिथेच असतो, आपण सगळे एकत्र.

मुग्धानं डोळे मिटले होते. ते न उघडताच ती म्हणाली, 'नाही बाबा. तुम्हाला झाला, म्हणून आई पोचली.'